नवा लॉकस्मिथ: प्रशिक्षण, परवाना आणि प्रमाणपत्र कसं मिळवायचं

लॉकस्मिथकडे, म्हणजे कुलूप-किल्लीच्या कारागिराकडे, येणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा अडचणीत असतं. दार लागलंय आणि किल्ली आत राहिली आहे, किंवा चोरी झाल्यावर सगळी कुलपं बदलायची घाई आहे. अशा वेळी ते एका अनोळखी माणसाला आपल्या दाराशी बसवतं. हाताचं कसब त्याला लगेच कळतं, कारण कुलूप उघडलं की नाही ते डोळ्यांसमोरच असतं. पण हा माणूस सरळ आहे का, उद्या याच किल्लीची दुसरी प्रत कुणाच्या हाती जाणार नाही ना, हे त्याला कळायला मार्ग नसतो. व्यावसायिक प्रमाणपत्राची खरी गरज इथे आहे. म्हणून नव्या माणसाने कोर्स, परवाना, परीक्षा यांपैकी काहीही निवडताना एकच प्रश्न विचारत राहावा: या कागदामागे कोणी काय तपासलंय?

हा प्रश्न लावला की बरेच चकचकीत कोर्स आपोआप गळून पडतात. नव्या मुलांना मी जो क्रम सांगतो तोच इथे दिला आहे. आधी कायदा, मग बाकावरचा सराव, मग अनुभवी माणसाच्या हाताखाली उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा. बरेच जण परीक्षेपासून सुरुवात करतात आणि दारासमोर उभं राहिल्यावर अडकतात.

आधी कायदा

हत्यारं विकत घ्यायच्याही आधी, तुम्ही जिथे काम करणार तिथला नियम वाचा. या धंद्याचे नियम जागेगणिक बदलतात. अमेरिकेत कॅलिफोर्निया, टेक्सास, नॉर्थ कॅरोलिना अशा काही राज्यांत परवान्याशिवाय लॉकस्मिथचं काम करता येत नाही, तर अनेक राज्यांत असा वेगळा परवानाच नाही. ब्रिटनमध्ये सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे तिथे कुणीही उद्यापासून स्वतःला लॉकस्मिथ म्हणवू शकतो. ऑस्ट्रेलियात कुलूपकामाचं ‘सर्टिफिकेट थ्री’ आणि त्यासोबतची उमेदवारी हा रुळलेला मार्ग आहे, आणि न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात त्यावर सुरक्षा-परवानाही लागतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लॉकस्मिथ सुरक्षा-सेवा कायद्याखाली येतात.

हत्यारांचंही तसंच. जपानने २००३ मध्ये कायदा करून कुलूप उघडण्याची खास हत्यारं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायला बंदी केली. इतर काही ठिकाणी हत्यार जवळ असणं गुन्हा नाही, पण ते वाईट हेतूने बाळगलं असं दिसलं तर तो गुन्हा होतो. पिकचा, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक हत्यारांचा, संच मागवण्याआधी आपल्याकडे काय आहे ते नीट बघा, आणि शिकाऊ असताना ही हत्यारं विनाकारण खिशात घेऊन फिरू नका.

कायदा बघताना चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा. परवाना माणसाला लागतो, दुकानाला की दोघांना? शिकाऊ उमेदवाराची वेगळी नोंदणी असते का? बोटांचे ठसे आणि चारित्र्य-पडताळणी कुणाकडून करून घ्यायची? विमा किंवा जामीन सक्तीचा आहे का? पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज सगळ्यात आधी टाकावा. जुनं एखादं प्रकरण नावावर असेल तर ते अर्जात स्वतःहून लिहा. लपवलेली गोष्ट नंतर उघडी पडली तर मूळ प्रकरणापेक्षा लपवाछपवीच महागात पडते. या धंद्यात तर फारच.

कोणता कागद कशाचा

नव्या माणसाचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून सरळ सांगतो. परवाना सरकार देतं आणि त्याचा अर्थ काम करायची मुभा. तो तुमची पार्श्वभूमी तपासतो, हात तपासेलच असं नाही. कोर्सचं प्रमाणपत्र शिकवणारी संस्था देते. त्यात कधी परीक्षा असते, कधी नुसती हजेरी. व्यावसायिक प्रमाणन धंद्यातली संघटना देते, आणि त्यासाठी ठरलेल्या दर्जाची परीक्षा पास व्हावी लागते. सदस्यत्व चौथं. काही संघटनांत ते वर्गणी भरून मिळतं, काहींत तपासणीनंतरच.

अमेरिकेत १९५६ पासून चालत आलेली ‘अलोआ’ ही लॉकस्मिथांची संघटना पायऱ्यापायऱ्यांनी प्रमाणन देते. सीआरएल म्हणजे सर्टिफाइड रजिस्टर्ड लॉकस्मिथ, त्यावर सीपीएल म्हणजे सर्टिफाइड प्रोफेशनल लॉकस्मिथ आणि सगळ्यात वर सीएमएल म्हणजे सर्टिफाइड मास्टर लॉकस्मिथ. काही विषय सगळ्यांना सक्तीचे आणि बाकीचे आपल्या कामानुसार निवडायचे, अशी रचना आहे. ब्रिटनमध्ये १९५८ मध्ये स्थापन झालेली मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन आपल्या मान्यताप्राप्त सदस्यांची चारित्र्य-पडताळणी करते, परीक्षा घेते आणि त्यांच्या कामाची तपासणीही करते. परवाना सक्तीचा नसलेल्या देशात गिऱ्हाइकाला विचारायला असा एक दरवाजा असणं फार मोलाचं आहे. तुमच्याकडे अशी संघटना असेल तर तिचा अभ्यासक्रम आजच मिळवा. परीक्षा कधीही द्या, पण काय काय यायला हवं त्याची यादी पहिल्या दिवसापासून समोर असली पाहिजे.

बाकावरचे पहिले महिने

पिन टम्बलर कुलूप पूर्ण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. आज आपण वापरतो तो साचा लायनस येल ज्युनियर यांनी १८६० च्या दशकात पेटंट केला आणि जगातल्या असंख्य दारांवर अजून तोच आहे. आत फिरतो तो प्लग. त्याभोवतीचं स्थिर घर म्हणजे हाउसिंग. दोघांमधून आरपार गेलेल्या भोकांत खाली की-पिन, वर ड्रायव्हर पिन आणि त्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांची फट प्लगच्या कडेशी, म्हणजे शिअर लाइनवर येते आणि प्लग फिरतो. एक जरी पिन वर-खाली राहिली तरी तो अडतो.

हे वाचून समजतं, पण हातात बसतं ते रीकीइंगने. रीकीइंग म्हणजे कुलूप तेच ठेवून आतल्या पिना बदलायच्या, जेणेकरून जुनी किल्ली बाद होऊन नवी लागू होईल. रोजच्या कामात याचा वाटा मोठा, परीक्षेतही. चांगला सिलिंडर, म्हणजे प्लग आणि हाउसिंग मिळून झालेला कुलपाचा भाग, शिकवणाऱ्याकडून घ्या आणि पुढची कृती हात आपोआप चालेपर्यंत करा.

चालू किल्ली घालून प्लग थोडा फिरवा. मागची क्लिप किंवा कॅम काढा. आता प्लगच्याच जाडीचा गोल दांडा, म्हणजे फॉलोअर, मागून टेकवा आणि प्लग पुढे ढकलत बाहेर काढा. या वेळी फॉलोअर आणि प्लग यांच्यात केसभरही फट पडू द्यायची नाही. फट पडली की ड्रायव्हर पिन आणि स्प्रिंग उड्या मारत बाहेर येतात, आणि मग फरशीवर बसून शोधत बसायचं. प्लग बाहेर आला की तो ट्रेवर उभा धरा, जुन्या की-पिना काढा, प्लग पुसून घ्या. नवी किल्ली घाला आणि तिच्या खाचांच्या क्रमांकांप्रमाणे चिमट्याने एकेक पिन टाका. आता प्लग उजेडात आडवा धरून बघा. सगळ्या पिनांचे माथे प्लगच्या पृष्ठभागाशी अगदी एकसारखे असले पाहिजेत. एखादा वर आला असेल तर पिन चुकली आहे किंवा किल्ली चुकीची कापली आहे.

इथे एक वाईट सवय लागते. माथा वर आलेली पिन काहीजण कानशीने घासून सपाट करतात. कुलूप त्या दिवशी चालतं. पण घासलेली पिन आणि तिच्यासोबत ओरखडलेला प्लग यांमुळे कुलूप सैल होतं, जवळपासच्या दुसऱ्या किल्लीनेही कधी कधी उघडतं, आणि पुढच्या माणसाला पिना बदलताना मापच लागत नाही. परीक्षक हे पाहिल्याबरोबर ओळखतात. पिन पुन्हा मोजा, किल्ली पुन्हा मोजा आणि योग्य पिन घाला.

प्लग परत आत सरकवताना तो थोडा वळवून धरावा, म्हणजे वरच्या ड्रायव्हर पिना मधल्या भोकांत पडत नाहीत. क्लिप लावा आणि दारावर चढवण्याआधी हातातच नवी किल्ली अनेकदा घालून, फिरवून, काढून बघा. जुनी किल्ली लागत नाही ना, तेही बघा. दुसरी तपासणी बरेच जण विसरतात, आणि गिऱ्हाइकाने पैसे तर तिच्यासाठीच दिलेले असतात.

मोजायला शिका

नवशिका किल्ली मशीनवर कापतो, बारकावा कॅलिपरवर, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या साधनावर, शिकावा लागतो. किल्लीची प्रत काढणं म्हणजे आधीच्या किल्लीतली चूकही उतरवून घेणं. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, असं होत होत एक दिवस कुलूप अडायला लागतं. त्यासाठी किल्ली मोजून तिचा मूळ कोड, म्हणजे खाचांच्या खोलीचे क्रमांक, काढायचा आणि कोडप्रमाणे नवीन कापायची.

आकडे बघितले की हे काम किती बारीक आहे ते ध्यानात येतं. श्लाग कंपनीच्या नेहमीच्या कुलपांत खाचांच्या खोलीचे ० ते ९ असे दहा टप्पे असतात आणि दोन टप्प्यांत फरक फक्त ०.०१५ इंच, म्हणजे जेमतेम ०.३८ मिलिमीटर. क्विकसेटच्या साध्या कुलपांत हा फरक ०.०२३ इंच. बाहेर काढून बदलता येणाऱ्या छोट्या कोअरच्या, म्हणजे कुलपाच्या आतल्या गाभ्याच्या, ‘ए-टू’ पद्धतीत तो ०.०१२५ इंचांवर येतो. मशीन एवढ्याशाने जरी सरकलेलं असेल तर सगळ्या किल्ल्या एकाच बाजूला चुकतात. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी एक चाचणी किल्ली कापून मोजायची सवय लावा.

दुसरी गोष्ट, शेजारशेजारच्या दोन खाचांत किती फरक चालतो याला मर्यादा असते. श्लागमध्ये ती ७ आणि क्विकसेटमध्ये ४ टप्प्यांची. मर्यादा ओलांडली तर एका खाचेचा उतार शेजारच्या खाचेला खाऊन टाकतो. अशी किल्ली आत जाताना अडकते किंवा बाहेर निघत नाही. परीक्षेत दहा वेगवेगळे कोड देऊन ‘यातले कोणते चालणार नाहीत’ असं विचारलं जाऊ शकतं. दोन-तीन कंपन्यांची मापं तोंडपाठ ठेवा, बाकीची तक्त्यातून काढता आली तरी पुरे.

कानशीने हाती किल्ली घडवण्याची कला, इम्प्रेशनिंग, याच काळात सुरू करा. कोरी किल्ली कुलपात घालून ताण देऊन हलवली की पिना तिच्यावर बारीक ठिपके उमटवतात. जिथे ठिपका दिसतो तिथे बारीक दातांच्या कानशीने एक-दोन हलके हात मारायचे, पुन्हा घालायचं, पुन्हा बघायचं. प्रखर उजेड, भिंग आणि धीर, तिन्ही लागतात. कित्येक दिवस काहीच दिसत नाही, आणि मग एकदा नजर बसली की ठिपका आणि साधा ओरखडा वेगवेगळे दिसायला लागतात. पिकिंगपेक्षा मला हे कौशल्य जास्त उपयोगाचं वाटतं, कारण शेवटी कुलूप उघडतं आणि गिऱ्हाइकाच्या हाती चालू किल्लीही येते.

पिकिंगबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण बहुतेक तरुण त्याच ओढीने इकडे येतात. सराव फक्त स्वतःच्या मालकीच्या, दारावर न बसवलेल्या कुलपांवर करा. या शिस्तीला जुनी परंपरा आहे. लंडनमध्ये कुलूपकार जोसेफ ब्रामा यांचं कुलूप उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, असं आव्हान कित्येक दशकं दुकानाच्या खिडकीत होतं. १८५१ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन लॉकस्मिथ आल्फ्रेड हॉब्ज यांनी ते उघडलं. आधी अटी ठरवून, पंचांची समिती नेमून आणि कित्येक दिवस बसून त्यांनी हे काम केलं. मालकाची परवानगी आणि साक्षीदार या दोन गोष्टींमुळे ती चोरी ठरली नाही, परीक्षा ठरली.

कोर्स निवडताना

काही दिवसांचा कोर्स वाईट असतोच असं नाही. त्यात हत्यारांची ओळख होते, हात मोकळा होतो, हे काम आपल्याला झेपेल का ते कळतं. पण ‘पाच दिवसांत संपूर्ण लॉकस्मिथ’ असं जिथे लिहिलेलं दिसेल तिथे पैसे भरू नका. पाच दिवसांत हात बसत नाही.

संस्थेला थेट प्रश्न विचारा. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी? प्रत्येकाला स्वतःचा बाक, शेगडा (व्हाइस) आणि पिनांचा संच मिळतो का, की एका सिलिंडरभोवती सहा जण उभे राहतात? खऱ्या दारावर, खऱ्या चौकटीत कुलूप बसवायला मिळतं का? लाकडात मॉर्टाइज, म्हणजे दाराच्या कडेत कुलूप बसवायची खाच, खोदणं, बिजागऱ्या खाली आलेल्या असताना स्ट्राइक प्लेट, म्हणजे चौकटीवरची कडी अडकायची पट्टी, सरळ करणं, हे बाकावर शिकता येत नाही. शिकवणारा आजही काम करतो का? शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा आहे का, आणि तीत नापास होता येतं का? नापास होताच येत नसेल तर त्या कागदाला किंमत नाही. हे प्रमाणपत्र कोणती संघटना किंवा परवाना कार्यालय मानतं, हे संस्थेला विचाराच, पण खात्री त्या संघटनेकडे थेट विचारून करा.

आणि एक प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारायला हवा: तुम्ही कोण? ओळखपत्र न बघता कुणालाही कुलूप उघडायला शिकवणारी संस्था मी कुणालाच सुचवत नाही.

घरबसल्या शिकण्याचे अभ्यासक्रम सिद्धांतासाठी चांगले. कुलपांचे प्रकार, शब्दसंपदा, किल्लीची मापं, दारांचे नियम हे वाचून होतं. हाताचं काम मात्र कुणीतरी शेजारी बसून ‘ताण कमी कर’ म्हटल्याशिवाय सुधारत नाही.

उमेदवारी

माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. लोक तो टाळतात, कारण सुरुवातीला पैसे कमी आणि झाडूही मारावा लागतो. तरी करा. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी उमेदवारी साधारण चार वर्षांची असते, आणि ती उगाच नाही.

जागा मागायला जाताना हाती काहीतरी घेऊन जा. स्वतः कापलेल्या, मोजून क्रमांक लिहिलेल्या किल्ल्या, रीकी केलेला सिलिंडर, आधी झालेली चारित्र्य-पडताळणी. दुकानदाराला तुमच्या हुशारीची नसते एवढी तुमच्या सरळपणाची काळजी असते, कारण तुमच्या हातून काही वावगं झालं तर नाव त्याचं जातं. गाडी चालवण्याचा परवाना असेल तर सांगा, बाहेरच्या कामांना तो लागतो.

उमेदवारीत कामांची वही ठेवा. तारीख, कामाचा प्रकार, कोणतं कुलूप, काय बिघडलं होतं, काय केलं, किती वेळ लागला, कोणाच्या देखरेखीखाली. गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, किल्लीचा कोड या वहीत अजिबात नको. ती नोंद दुकानाच्या कुलूपबंद दप्तरात असते. ही वही पुढे परवान्यासाठी अनुभवाचा पुरावा म्हणून चालू शकते. शिवाय आपण कोणतं काम टाळतोय तेही तिच्यात दिसतं. सहा महिन्यांत एकही मॉर्टाइज कुलूप बसवलेलं नसेल तर उस्तादाकडे ते काम मागून घ्या.

उस्ताद गिऱ्हाइकाशी कसा बोलतो ते विशेष ऐका. दार उघडण्याआधी तो ओळखपत्र मागतो. त्यावर पत्ता नसेल तर दार उघडल्यावर आतला कागद दाखवायला सांगतो आणि तोवर गिऱ्हाइकाला एकटं आत सोडत नाही. रडणारं माणूस असो की चिडलेलं, विचारणा सगळ्यांनाच. घरातल्या दोन माणसांचा वाद असेल, भाडेकरू आणि मालकाचं भांडण असेल, तर हक्काचा कागद किंवा न्यायालयाचा आदेश बघितल्याशिवाय हात लावत नाही. ही विचारपूस कशी करायची, कोणत्या शब्दांत नकार द्यायचा, हे कोणत्याच पुस्तकातून येत नाही.

तोडण्याआधी उघडायचा प्रयत्न, हा दुसरा धडा. ड्रिल हे शेवटचं साधन. पोचल्या पोचल्या ड्रिल काढून मग नव्या कुलपाचे पैसे लावणारे लोक या धंद्याला बट्टा लावतात. पण खरंच ड्रिल करायची वेळ आली तर गिऱ्हाइकाला आधी खर्चासकट सांगा, डोळ्यांवर गॉगल चढवा आणि मगच ट्रिगर दाबा.

परीक्षेची तयारी

अभ्यासक्रमाची यादी घेऊन प्रत्येक विषयापुढे तीनपैकी एक खूण करा: करून दाखवता येतं, समजतं पण हात बसलेला नाही, माहीत नाही. सराव दुसऱ्या गटापासून सुरू करा. तिथे कमी वेळात जास्त मिळतं.

मास्टर किल्लीच्या पद्धती हा नवख्यांना घाम फोडणारा विषय, म्हणून थोडं खोलात जाऊ. प्रत्येक खोलीची वेगळी किल्ली आणि सगळ्यांना लागणारी एक मास्टर किल्ली, यासाठी की-पिन आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये एक चपटी मास्टर पिन घालतात. त्यामुळे त्या भोकात शिअर लाइनला दोन ठिकाणी जुळणी मिळते. आता हिशेब. श्लागसारख्या कुलपात एक टप्पा फार बारीक असल्यामुळे मास्टर पिन निदान दोन टप्प्यांची ठेवतात. मास्टरच्या खाचेची खोली ४ असेल तर त्या भोकात बाकीच्या किल्ल्यांना दोन-दोन टप्प्यांच्या अंतराने ०, २, ६, ८ हे चारच टप्पे वापरता येतात. पाच पिनांचं कुलूप असेल तर चारचा पाचवा घात, म्हणजे १,०२४ किल्ल्या. शेजारच्या खाचांची मर्यादा लावली की त्यातल्या आणखी काही गळतात. हा तक्ता कागदावर स्वतः भरून बघा. संगणकावर एका क्षणात होतं, पण हाताने एकदा केल्याशिवाय त्यामागचं तर्कशास्त्र डोक्यात उतरत नाही.

मास्टर पद्धतीत सोय वाढते तेवढी सुरक्षा घटते, हेही माहीत पाहिजे. २००३ मध्ये संगणक-सुरक्षा संशोधक मॅट ब्लेझ यांनी दाखवून दिलं की एका कुलपाची साधी किल्ली, ते कुलूप आणि थोड्या कोऱ्या किल्ल्या एवढ्यावर मास्टरचा कोड काढता येतो, कारण प्रत्येक भोक वेगवेगळं तपासता येतं. गिऱ्हाईक ‘सगळीकडे एकच मास्टर लावा’ म्हणालं तर हा धोका त्याला समजावून सांगणं तुमच्या कामात येतं. पैशांची किंवा औषधांची खोली मास्टरच्या बाहेर ठेवायला सुचवा.

ए-टू कोअरचा एक हिशेब पाठच करा: प्रत्येक भोकातल्या सगळ्या पिनांची बेरीज २३ आली पाहिजे. बेरीज चुकली असेल तर कोअर बंद करण्याआधीच तुम्हाला कळतं.

दारांच्या नियमांचा अभ्यास कंटाळवाणा वाटतो, पण त्यात माणसांचे जीव गुंतलेले आहेत. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारावर आतून किल्ली लागणारं कुलूप बसवणं म्हणजे लोकांना कोंडणं. युरोपात दाबपट्टीच्या पॅनिक यंत्रणेसाठी ‘ईएन ११२५’ आणि प्रशिक्षित लोक वापरतात अशा आपत्कालीन दारांसाठी ‘ईएन १७९’ ही मानकं आहेत. अमेरिकेत आगरोधक दारांसाठी ‘एनएफपीए ८०’ आणि बाहेर पडण्याच्या मार्गांसाठी ‘एनएफपीए १०१’ बघतात. आगरोधक दारात मनाला येईल तिथे भोक पाडता येत नाही, त्याने दाराची मान्यता जाऊ शकते. तुमच्याकडे कोणतं मानक लागू आहे ते शोधा आणि मूळ मजकूर वाचा. विजेच्या कुलपांत वीज गेल्यावर उघडं राहणारं फेल-सेफ आणि बंद राहणारं फेल-सिक्युअर, हा फरक झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतंच, म्हणजे ते स्वभावतःच फेल-सेफ.

प्रात्यक्षिकात घिसाडघाई करू नका. बाक स्वच्छ ठेवा, काढलेले भाग क्रमाने मांडा, माप दोनदा घ्या. कुलपात आधी ग्राफाइट घातलेलं असेल तर त्यावर तेल ओतू नका, चिखल होतो. परीक्षक हात किती चालतात ते बघतात, तसंच हात कुठे थांबतात तेही.

पुढच्या शाखा

पाया पक्का झाल्यावर एखादी शाखा निवडा. एकदम तीन नकोत.

मोटारींचं काम आता अर्धं इलेक्ट्रॉनिक झालंय. किल्लीतली ट्रान्सपाँडर चिप गाडीने ओळखली नाही तर इंजिन चालू होत नाही. निदान यंत्रं महाग आणि लवकर जुनी होणारी, म्हणून आपल्या भागात कोणत्या गाड्या जास्त आहेत ते बघून खरेदी करा. अमेरिकेत गाड्यांचे किल्ली-कोड मिळवायला एनएएसटीएफ या संस्थेची नोंदणी लागते. तिच्यात पडताळणी होते आणि गाडी कुणाची आहे याची नोंद प्रत्येक कामागणिक ठेवावी लागते.

तिजोऱ्या हा फार वेगळा अभ्यास. तीन चकत्यांच्या आणि डायलवर शंभर आकडे असलेल्या कॉम्बिनेशन कुलपाच्या कागदावर दहा लाख जुळण्या होतात, आणि तेही न फोडता उघडणारे कारागीर आहेत. त्यासाठी साव्हटा ही तिजोरी-तंत्रज्ञांची संघटना स्वतंत्र प्रमाणन देते. इकडे वळायचं तर धातूचं ज्ञान, अचूक ड्रिलिंग आणि कमालीचा संयम हवा. इमारतींच्या प्रवेश-नियंत्रणात जायचं असेल तर आधी विजेचा पाया घाला. १२ आणि २४ व्होल्टची कुलपं, लांब तारेत होणारी व्होल्टेजची घट, वीजपुरवठा किती अँपिअरचा हवा, हे आलंच पाहिजे. तुमच्याकडे असं काम करायला वेगळा विद्युत परवाना लागतो का, तेही विचारा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

स्वतंत्र काम सुरू करण्याआधी दायित्व-विमा घ्या. कामाच्या पावतीवर परवाना क्रमांक, केलेलं काम आणि घेतलेली ओळख यांची नोंद असू द्या. गिऱ्हाइकांचे किल्ली-कोड ठेवायचेच असतील तर पत्त्यापासून वेगळे, सांकेतिक क्रमांकाखाली आणि कुलपात ठेवा. मदतनीस सोडून गेला की त्याच दिवशी त्याचा प्रवेश बंद करा. कुणाच्या घरी कोणतं कुलूप बसवलं, हे गप्पांच्या ओघातही बोलू नका, आणि कामाचे फोटो टाकताना त्यात किल्लीच्या खाचा दिसणार नाहीत याची काळजी घ्या. नजरेचा सराव असलेला माणूस फोटोवरूनही कोड वाचतो.

प्रमाणन आणि परवाना, दोन्हींच्या नूतनीकरणाच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. अनेक ठिकाणी दरम्यानच्या काळात पुढील शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. शेवटच्या महिन्यात मिळेल तो वर्ग करण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच संघटनेचं वेळापत्रक बघा आणि वहीतल्या कमी पडलेल्या कामांनुसार वर्ग निवडा. हजेरीची पत्रं, परीक्षेचे निकाल आणि पडताळणीच्या प्रती एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. दुसऱ्या राज्यात किंवा देशात काम करायचं ठरवलंत तर तिथलं कार्यालय हीच फाइल मागेल, आणि आधीचा अनुभव किती धरायचा ते तिच्यावरच ठरेल.